९५ टक्के जुळलं म्हणजे खरंच जुळलं का? शाळेतल्या दंत तपासणीतली टक्केवारी आणि कप्पा

शाळेतल्या मुलांच्या दातांच्या सर्व्हेचा रिपोर्ट उघडला की एखाद्यात "दोन तपासनीसांची सहमती ९५ टक्के" असं असतं आणि दुसऱ्यात त्याच जागी "कप्पा ०.८२" (कप्पा हे दोघांचं किती जुळलं ते सांगणारं दुसरं माप), आणि बरेच जण, अगदी पीजी करणारी मुलंसुद्धा, ०.८२ म्हणजे ८२ टक्केच की असं धरून पुढे जातात. तसं अजिबात नाहीये.

टक्केवारी सोपी आहे. दोन डॉक्टरांनी तीच मुलं एकमेकांचं न बघता तपासायची, जितक्या दातांवर दोघांनी सारखं लिहिलं त्याला एकूण दातांनी भागायचं, झालं. पण १२ वर्षांच्या मुलाच्या तोंडात बहुतेक दात चांगलेच असतात, कीड असते ती जास्त करून दाढांत, खालचे पुढचे दात तर क्वचितच किडतात. मग तिथे दोघांनी "चांगला" लिहिलं यात कौशल्य काय लागलं? टक्केवारी तिथेच फुगते.

हिशोब करून बघा, आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. १००० दात. ९३० दोघांनाही चांगले वाटले, २० दोघांनाही किडलेले, ३० फक्त पहिल्याला किडलेले दिसले आणि २० फक्त दुसऱ्याला. सहमती ९५ टक्के, ऐकायला मस्त. पण निदान एकाने तरी किडलेला म्हटलेले दात ७० आणि त्यातल्या फक्त २० वर दोघांचं एकमत! आपण सर्व्हे करतो तो कीड शोधायला ना, मग हे मस्त कसं?

कप्पा इथेच कामाला येतो. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेलं हे माप आधी विचारतं की नुसत्या योगायोगाने किती जुळलं असतं, तेवढं वजा करतं आणि उरलेल्यातलं किती मिळवलं ते सांगतं. वरच्या उदाहरणात योगायोगाने ९१.४ टक्के जुळलंच असतं, म्हणजे कमवायला उरले ८.६ आणि कमावले ३.६ (९५ वजा ९१.४), ३.६ ला ८.६ ने भागलं की कप्पा साधारण ०.४२. कप्पा किती चांगला ते ठरवणाऱ्या लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या कोष्टकात हे फक्त मध्यम.

आता समजा पहिल्या डॉक्टरने तोंडात नीट न बघताच सगळे १००० दात चांगले लिहून टाकले, दुसऱ्याचे किडलेले मात्र आधीसारखेच ४०. दुसऱ्याशी त्याची सहमती किती? ९६ टक्के, म्हणजे मन लावून तपासणाऱ्यापेक्षा एक टक्का जास्त! आणि कप्पा? शून्य. नुसती टक्केवारी छापलेला रिपोर्ट मला पुरत नाही तो ह्याचमुळे.

अर्थात कप्पालाही मर्यादा आहेत, कीड फारच कमी असेल तर थोड्याशा मतभेदानेही तो धाडकन खाली येतो, म्हणून दोन्ही आकडे द्यावेत आणि शक्य असेल तर चार खान्यांचं टेबलही (दोघांनाही चांगले, दोघांनाही किडलेले, फक्त पहिल्याला किडलेले, फक्त दुसऱ्याला). कारण कोण जास्त कीड लिहितो हे एकट्या कप्पावरून कळत नाही. वर पहिल्याने ५० दात किडलेले लिहिले, दुसऱ्याने ४०. उद्या पहिला एका तालुक्यातल्या शाळा करेल आणि दुसरा शेजारच्या तालुक्यातल्या, तर हा तपासणाऱ्यांच्या नजरेतला फरक मुलांच्या दातांतला फरक म्हणून छापला जाईल, आणि पुढचं नियोजन त्यावर होईल, हे मला खरंच गंभीर वाटतं.

मतभेद होतात ते बहुधा दाढांच्या खाचांतल्या तपकिरी डागांवर आणि पांढऱ्या ठिपक्यांवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्व्हे पद्धतीत यासाठी नियम आहे, स्पष्ट खड्डा, आतून पोखरलेलं इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) किंवा प्रोबला (दात तपासायच्या बारीक सळईला) मऊ लागणारा भाग असेल तरच कीड लिहायची, शंका असेल तर चांगला. कप्पा कमी आला की दोघांना तेच दात परत एकत्र दाखवून ह्या नियमावर बोलायला लावायचं, आणि दुबार तपासणी पहिल्या दिवशी उरकून न टाकता सर्व्हे चालू असताना मधेमधे ठेवायची, कारण आठवडे गेले की ट्रेनिंग झालेल्या डॉक्टरचीही नजर हळूहळू सरकते.