टब रंगवायच्या आधी नळ बघा
(जुन्या बाथटबला नवा कोट मारून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"मंगळवारी काम केलंत तर शुक्रवारी सकाळी टबमध्ये आंघोळ करता येईल ना?" फोनवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. येईल. शेवटचा कोट मारल्यावर ४८ तास टब कोरडा ठेवायचा, मग वापरायला हरकत नाही. फक्त नळ गळत नसला पाहिजे. हे सांगितलं की समोरचे हसतात आणि म्हणतात, "आमचा नळ अगदी ठणठणीत आहे हो."

आमची निम्मी वाया गेलेली खेप या ठणठणीत नळांपायीच असते.

होतं असं, की तुम्ही नळ बघता दुपारी. तेव्हा बिल्डिंगमध्ये कुठे धुणं चालू असतं, कुठे भांडी, सगळ्या मजल्यांवर पाणी सुरू असतं, त्यामुळे पाइपातला दाब उतरलेला असतो. झिजलेला वायसरसुद्धा एवढं पाणी अडवतो. रात्री सगळे झोपले, गच्चीवरची टाकी भरली, की दाब चढतो आणि तोच नळ पहाटेपर्यंत ठिबकत राहतो. काही जुन्या इमारतींत बाथरूमचा नळ थेट महापालिकेच्या लाइनवर असतो. तिथे पाणी यायची वेळ झाल्याशिवाय गळती दिसतच नाही. आणि आम्ही दुपारी चारला शेवटचा कोट मारून गेलेलो असतो.

ओल्या कोटावर एक थेंब पडला तर काय बिघडतं? आम्ही वापरतो ते दोन डब्यांतलं पॉलियुरेथेन. त्यातलं हार्डनर पाण्याशी लगेच भिडतं आणि त्यातून वायू सुटतो. तो वायू पापुद्र्यात बुडबुडे करतो, टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतो. थेंब एकाच जागी पडत राहिला तर तिथे दुधाळ डाग धरतो. तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही, कारण पांढऱ्यावर पांढऱ्याचं ठिगळ उजेडात लगेच कळतं. मग कोट कडक व्हायची वाट बघायची, सगळा टब परत घासायचा, परत मारायचा. तुमचा शुक्रवार पुढच्या बुधवारवर जातो.

यावर लोकांचे घरगुती उपाय असतात. नळाला प्लास्टिकची पिशवी बांधतात. ती रात्रभर भरते आणि पहाटे सुटते. एका घरी तर काळजीपोटी थेंबाखाली मग ठेवला होता, आम्ही जिना उतरतो न उतरतो तोच. त्या मगाच्या बुडाचा गोल कोटात असा काही उठला, की नक्षी म्हणून ठेवावा. दुसऱ्या खेपेचे पैसे आम्ही लावतो ते अशा वेळी. आम्हालाही ते मागताना बरं वाटत नाही, पण माल आणि दोन माणसांचा दिवस दोन्ही जातात.

म्हणून आम्ही यायच्या आदल्या रात्री एवढं करा. टब पुसून कोरडा करा. नळाखाली आणि शॉवरखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरा आणि झोपा. सकाळी कागद कोरडा असेल तर आम्ही निघतो. ओला असेल तर आधी प्लंबरला बोलवा. बहुतेक वेळा नुसता वायसर बदलावा लागतो. शॉवर मात्र फसवतो. बंद केल्यावरही त्याच्या नळीत आणि जाळीत पाणी अडकून राहतं, आणि कित्येक तासांनी, मनात आलं की, एकदम खाली येतं. आदल्या दिवसापासून शॉवर वापरू नका, जाळी आम्ही आल्यावर काढून ठेवतो. "मेन कॉक बंद करून टाकू की" असं म्हणणाऱ्यांना विनंती, की वीस वर्षं न फिरवलेला कॉक आमच्या समोर पहिल्यांदा फिरवू नका. तो पूर्ण बंद होत नाही, किंवा हातात येतो.

वरच्या मजल्याची गळती छतातून ठिबकत असेल तर तेही आधी सांगा. तिथे आमचं काही चालत नाही.

आता दुसरा नेहमीचा प्रश्न: "ओरिजिनलसारखंच होईल ना?" दिसायला होईल, पण ती वस्तू वेगळी. जुन्या बिडाच्या टबवरचा मुलामा म्हणजे काच असते, साधारण ८०० अंश सेल्सियसला लोखंडावर वितळवून बसवलेली. ती भट्टी कोणी बाथरूममध्ये आणू शकत नाही. घरी होतं ते कोटिंग, आणि ते टिकतं खालच्या घासाईवर. आमचा निम्म्याहून जास्त वेळ टबाच्या कडेच्या फटीत भरलेलं जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडण्यात, साबणाचा आणि तेलाचा थर काढण्यात, गंज साफ करून टवके लांबीने भरण्यात आणि वॉटर पेपर मारण्यात जातो. "नुसतं घासतच बसलेत," असं एका आजोबांनी आमच्या तोंडावर म्हटलं होतं. खरं आहे, घासतच बसतो. सिलिकॉनचा अंश राहिला तर रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल पडतात. तेव्हा आमच्या आधी प्लंबरकडून नवीन सिलिकॉन भरून "तयारी" करून ठेवू नका.

पूर्वी कोणी टबला ऑइल पेंट मारला असेल तर तो काढायला वेळ लागतो. झटपट रंग काढणारं मिथिलीन क्लोराइडचं द्रावण आम्ही वापरत नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, टबातच साचते, आणि काम करणारा तर टबात वाकलेला असतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टबचं हेच काम करणारे किमान १३ कामगार त्याने मेले. आम्ही ब्लेड आणि पेपरवरच भागवतो. दीड-दोन तास जास्त धरा. फवारणीच्या वेळी घरातली मुलं, दम्याचे पेशंट आणि पिंजऱ्यातला पोपट, सगळ्यांना त्या दिवसापुरतं दुसरीकडे पाठवा.

जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात आम्ही कमी कामं घेतो. कारण वर लिहिलंय तेच, हवेतलं पाणीसुद्धा पाणीच असतं. अगदी अडलंच तर बाथरूममध्ये हीटर लावून करतो, पण घाई नसेल तर गणपतीनंतरची तारीख घ्या.

नंतरची निगा सोपी आहे. पूर्ण कडक व्हायला आठवडा लागतो, तोवर घासू नका. टॉयलेटचं ॲसिड आणि तारेची घासणी टबपासून कायम लांब ठेवा. पाण्यात थोडं भांड्यांचं लिक्विड पुरतं. रबराच्या चूषकांनी चिकटणारी मॅट नको, ती उचलताना कोट उचलते. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर वापरून झाल्यावर टब पुसा.

"त्यापेक्षा नवाच बसवू," असं वाटत असेल तर हिशोब करून बघा. बिडाचा पाच फुटी टब शंभर किलोच्या वर जातो, लिफ्टमध्ये मावत नाही, घणाने फोडून काढावा लागतो. मग टाइल्स, वॉटरप्रूफिंग, सोसायटीची परवानगी, आणि खालच्यांच्या छतावर डाग आला तर तेही तुमच्याच नावावर. टबच तडकलेला असेल किंवा गंजाने आरपार भोक पडलं असेल तर मात्र आम्हीच सांगू, की आमच्यावर पैसे घालवू नका.

दर विचारण्यासाठी फोटो पाठवाल तेव्हा टबाबरोबर नळाचाही पाठवा, जवळून. साधे वायसर आम्ही पिशवीत घेऊनच येतो, पण जुन्या विलायती नळांना ते बसत नाहीत, आणि तसा वायसर शोधायला एखादा दिवस आधी मिळाला तर बरं पडतं.