टाळूची शिवण उघडणाऱ्या स्क्रूची पार्श्वभूमी

वरचा जबडा म्हणजे एकसंध हाड नव्हे. उजवे आणि डावे अशी दोन हाडे टाळूच्या मध्यरेषेवर शिवणीने जोडलेली असतात आणि वाढीच्या वयात ही शिवण पक्की झालेली नसते. मुलांचा अरुंद जबडा रुंद करण्याचा उपचार यावरच उभा आहे. एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला मात्र शंभर वर्षे लागली.

1860 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य इमर्सन अँजेल यांनी साडेचौदा वर्षांच्या एका मुलीवरचा उपचार प्रसिद्ध केला. तिच्या दोन्ही बाजूंच्या उपदाढांमध्ये त्यांनी आडवा स्क्रू बसवला आणि तो घट्ट करत राहण्याचे काम तिच्यावरच सोपवले. दोन आठवड्यांत पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली. स्क्रू त्या दातांना टेकलेलाही नव्हता, तेव्हा हाडेच दूर सरकली असा त्यांचा निष्कर्ष होता. समकालीनांना तो पटला नाही. क्ष-किरणांचा शोधच 1895 चा. शिवण उघडल्याचे दाखवायचे तरी कशाने?

पुढे अमेरिकेत दंतवैद्य एडवर्ड अँगल यांच्या विचाराचा पगडा बसला: दात बाहेर सरकवा, हाड त्यांच्याभोवती आपोआप तयार होईल. शिवण उघडण्याचे तंत्र तिथे मागे पडले, युरोपात टिकले. 1956 मध्ये जर्मनीचे दंतवैद्य कोर्कहाउस अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात आले आणि त्यांनी आपले रुग्ण-तपशील दाखवले. त्यातून तिथल्या अँड्र्यू हास यांनी डुकरांवर प्रयोग केले आणि 1961 मध्ये रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. तिथून हा उपचार पुन्हा रुजला.

हास यांच्या उपकरणात चार दातांना पट्ट्या, टाळूला टेकलेले अ‍ॅक्रिलिक आणि मधोमध स्क्रू असे. अ‍ॅक्रिलिकखाली अन्न अडकून टाळू सुजायची, म्हणून 1968 मध्ये बीडरमन यांनी पूर्ण धातूचे, स्वच्छ ठेवायला सोपे 'हायरॅक्स' आणले. दरम्यान 1964 च्या सुमारास आयझॅकसन यांनी जोर मोजला: स्क्रूच्या एका फेऱ्याला, म्हणजे पाव वळशाला, 3 ते 10 पौंड. खरा विरोध टाळूच्या शिवणीपेक्षा चेहऱ्याच्या इतर हाडांशी असलेल्या सांध्यांतून येतो, हेही त्यांनीच दाखवले. जबडा पुढे जास्त आणि मागे कमी उघडतो, त्याचे एक कारण मागच्या बाजूचा हा अडसर.

आजची पद्धत त्याच काळातली आहे. एका फेऱ्याने जबडा साधारण 0.25 मि.मी. उघडतो; दिवसातून दोन फेरे, दोन ते तीन आठवडे. स्क्रू फिरवायची छोटी चावी त्याच्या छिद्रात घालून घशाच्या दिशेने ढकलायची, पुढचे छिद्र पूर्ण दिसेपर्यंत. बहुतेक चुका इथेच होतात: चावी काढताना ती पुढे ओढली गेली की स्क्रू उलटा फिरतो आणि मग पुढचे छिद्र सापडत नाही. चावीला दोरा बांधावाच, मुलाने ती गिळण्याचा धोका असतो. पुढच्या दातांतली फट पाहून पालक घाबरतात. ती शिवण उघडल्याची खूण आहे आणि हिरड्यांतले तंतू ती काही आठवड्यांत बंद करतात.

वरच्या दाढेची आतली टोके खालच्या दाढेच्या बाहेरच्या टोकांवर येईपर्यंत मुद्दाम जास्त उघडायचे, कारण थोडी रुंदी परत जातेच. मग स्क्रू बांधून उपकरण तीन ते सहा महिने तोंडातच ठेवायचे. नवे हाड भरण्याआधी ते काढले तर जबडा पुन्हा आवळतो. सगळ्यात जास्त घाई याच टप्प्यावर होते आणि ती महागात पडते.

वयाचा हिशेब 1975 मध्ये बिर्टे मेल्सन यांनी मृतदेहांतील ऊतींवरून मांडला: लहानपणी रुंद शिवण पौगंडावस्थेत करवतीच्या दातांसारखी एकमेकांत गुंतते. पाच-सहा वर्षांच्या मुलांत जलद फेऱ्यांनी नाकाचा आकार बिघडू शकतो. तिथे हळू उघडणारे उपकरण योग्य. याउलट सतरा-अठराव्या वर्षी साधा स्क्रू लावला तर हाडांऐवजी दाढाच बाहेर कलतात, हिरड्या दातांच्या मुळांकडे सरकतात. मात्र नुसते वय पुरेसे नाही. एकाच वयात शिवण वेगवेगळ्या अवस्थेत असते. 2013 पासून त्रिमितीय स्कॅनवर तिच्या पाच अवस्था ओळखता येतात. शिवण गुंतलेली असेल तर टाळूच्या हाडात रोवलेल्या छोट्या स्क्रूंचा आधार किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय उरतात.