‘पोर्टल’चे ‘८०८०ल’ का होते?

काही दिवसांपूर्वी नागपुरातील एका संस्थेच्या संकेतस्थळावर शुल्क भरायला गेलेल्यांना पानाच्या तळाशी ‘आवृत्ती @आवृत्ती_क्रमांक@’ अशी ओळ दिसू लागली (मूळ ओळ रोमन लिपीत होती, येथे वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत देतो), आणि आमच्या वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तासाभरात ‘साइट हॅक झाली आहे, कोणीही पैसे भरू नका’ असा इशारा फिरला. हॅक वगैरे काही झालेले नव्हते. भरायची राहून गेलेली ती एक रिकामी जागा होती.

शाळेच्या बोनाफाइड दाखल्यात मजकूर छापील असतो आणि विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता व जन्मतारीख यांपुरत्या जागा मोकळ्या सोडलेल्या असतात. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. एकच प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर, चाचणीच्या यंत्रावर आणि शेवटी प्रत्यक्ष सर्व्हरवर चालतो. प्रत्येक ठिकाणी डेटाबेसचा पत्ता, पोर्ट क्रमांक (यंत्रावरील प्रोग्रामच्या दाराचा क्रमांक) आणि पासवर्ड निराळा असतो. म्हणून या गोष्टी नोंदवायच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ठरावीक खुणांमध्ये बसवलेले शब्द, म्हणजे टोकन, लिहून ठेवतात आणि लिहिलेल्या प्रोग्रामपासून वापरायचा संच तयार करताना, म्हणजे बिल्डच्या वेळी, त्यांच्या जागी खऱ्या किमती, म्हणजे त्या ठिकाणचा पत्ता, क्रमांक वा पासवर्ड, घालतात. १९९१ मध्ये आलेल्या ऑटोकॉन्फमध्ये आणि २००० मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेल्या अँटमध्ये, म्हणजे बिल्डसाठीच्या या दोन साधनांमध्ये, टोकनच्या दोन्ही टोकांना @ हेच चिन्ह असते.

शोधा आणि बदला, एवढेच तर काम. पण खरी गंमत येथूनच सुरू होते. समजा, आपण खुणा वापरल्याच नाहीत आणि फाइलमधील ‘पोर्ट’ या शब्दाच्या जागी ‘८०८०’ घाला असे सांगितले, तर यंत्र आज्ञाधारकपणे ‘पोर्टल’चे ‘८०८०ल’ करून ठेवील. केवळ सुरुवातीला खूण लावून भागत नाही, कारण ‘@पोर्ट’ हा ‘@पोर्टल’चाही आरंभ आहे. टोकन कोठे संपते हे सांगणारी दुसरी खूण म्हणूनच लागते.

दोन्ही खुणा आल्या तरी @ हे चिन्ह ईमेल पत्त्यातही असते. ‘संपर्क: मदत@कंपनी, पोर्ट: @पोर्ट@’ ही ओळ घ्या. यंत्र डावीकडून वाचत जाते, पहिले @ भेटताच ‘येथे टोकन सुरू झाले असावे’ असे मानते आणि पुढच्या @ पर्यंतचा मजकूर उचलते. तो निघतो ‘कंपनी, पोर्ट: ’ आणि टोकनांची नावे व किमती दिलेल्या तक्त्यात असे नाव नाही. आता येथे घाईने लिहिलेला प्रोग्राम दोन्ही @ मागे टाकून पुढे जातो. त्यामुळे त्याला यानंतर भेटणारे @ हे खऱ्या टोकनचे शेवटचे चिन्ह असते, ते तो आरंभ समजतो आणि ‘@पोर्ट@’ जसेच्या तसे राहून जाते. काळजीपूर्वक लिहिलेला प्रोग्राम फक्त पहिले @ उतरवून घेतो आणि त्याच्या लगतच्या अक्षरापासून शोध पुन्हा सुरू करतो. अँटमध्ये नेमके हेच केलेले आहे, आणि त्यातील तो अवघ्या काही ओळींचा भाग मला आजही वाचायला आवडतो.

पुढचा प्रश्न असा, की घातलेल्या किमतीतच दुसरे टोकन असेल तर? @पत्ता@ ची किंमत ‘सीताबर्डी, @गाव@’ असेल, तर @गाव@ देखील बदलावे लागेल. पण @अ@ ची किंमत @ब@ आणि @ब@ ची @अ@ असेल, तर हा खेळ कधीच संपणार नाही. म्हणून आतापर्यंत कोणती टोकने उलगडली याची यादी ठेवावी लागते आणि तेच नाव पुन्हा आले की थांबावे लागते. फाइल मोठी असेल तर ती अनेकदा ८१९२ बाइटच्या तुकड्यांनी वाचली जाते, तेव्हा ‘@पो’ एका तुकड्याच्या शेवटी आणि ‘र्ट@’ दुसऱ्याच्या आरंभी येऊ शकते. अर्धवट शेपूट जपून ठेवून पुढच्या तुकड्याला जोडले नाही, तर हे टोकन निसटते. ही चूक फाइलची लांबी बदलली की नाहीशी होते आणि पुन्हा उगवते. परसोडीच्या आयटी पार्कमधील एका कार्यालयात बिल्डच्या यंत्रावर लिंबू-मिरची लटकलेली मी पाहिली आहे, ती अशाच एखाद्या लहरी चुकीमुळे असावी. लिंबू सुकले, पण तुकड्याची सीमा ८१९२ वरच राहिली.

१९७० च्या दशकात बेल लॅब्स या अमेरिकी प्रयोगशाळेत तयार झालेल्या सेड या मजकूर बदलणाऱ्या साधनाने हेच काम करणाऱ्यांना एक निराळाच धक्का बसतो. सेडमध्ये बदली मजकुरातील & या चिन्हाचा अर्थ ‘जे सापडले तेच’ असा आहे. पासवर्ड ‘संत्री&बर्फी’ असेल, तर फाइलमध्ये ‘संत्री@पासवर्ड@बर्फी’ उमटते आणि डेटाबेस दार उघडत नाही.

सर्वांत मोठे नुकसान मात्र चित्रांचे होते. प्रत्येक पीएनजी चित्राचे पहिले आठ बाइट १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० असेच असतात. टोकन शोधण्यासाठी ही फाइल यूटीएफ-८ (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची एक पद्धत) मजकूर म्हणून उघडली, तर १३७ ने कोणतेही अक्षर सुरू होऊ शकत नसल्याने त्याजागी ‘अज्ञात अक्षर’ बसते आणि लिहिताना त्याचे २३९, १९१, १८९ असे तीन बाइट होतात. चित्रात एकही टोकन नसताना चित्र मरते. म्हणून कोणत्या फाइलींत टोकने शोधायची हे नावानिशी सांगावे. सरसकट सगळ्या फोल्डरवर हा प्रयोग करू नये. मराठी मजकुराच्या फाइलींबाबत तर एन्कोडिंगही, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये कोणत्या पद्धतीने लिहिली आहेत तेही, सांगावेच, कारण ‘नागपूर’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १८ बाइटचा असतो आणि एका बाइटला एक अक्षर मानणारे यंत्र त्याची १८ असंबद्ध चिन्हे करून दाखवते.

आणि त्या संस्थेच्या पानावरची ओळ? बिल्ड संपल्यावर तयार फाइलींमध्ये दोन @ च्या मध्ये फक्त अक्षरे, अंक व अधोरेषा असलेला मजकूर उरला आहे का हे तपासायचे, आणि उरला असल्यास बिल्ड नापास करायचे, एवढे पुरले असते. स्वल्पविराम आणि रिकाम्या जागा वगळल्यामुळे ‘कंपनी, पोर्ट: ’ सारखा ईमेलमागचा मजकूर या तपासणीत अडकत नाही, ‘@आवृत्ती_क्रमांक@’ मात्र अडकते.