फक्त मागचं डिफरन्शियल बदलून भागत नाही

जुन्या जीपवाल्यांत एक समज घट्ट बसलाय: ओढ वाढवायची तर मागचं डिफरन्शियल (ॲक्सलवरचा, चाकांना ताकद देणारा गिअरचा डबा) बदला, पुढचं राहू दे. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीची यानं वाट लागते.

डिफरन्शियलमधल्या क्राऊनचे (मोठ्या गिअरचे) दात भागिले पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे) दात म्हणजे रेशो. ३७ ला ९ असतील तर ४.११, ३९ ला ८ असतील तर ४.८८. रेशो वाढला की ओढ वाढते, पण चाक तेवढंच हळू फिरतं. पुढं ४.११ आणि मागं ४.८८ बसवलं, तर पुढचं चाक १०० फेरे घेईल तेवढ्यात मागचं जेमतेम ८४! साध्या फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केस (ताकद पुढं-मागं वाटणारा गिअरचा डबा) पुढचा आणि मागचा असे दोन्ही शाफ्ट एकत्र जखडते. मग हा फरक जाणार कुठं? टायर घासतात, शाफ्टवर पीळ बसतो, शेवटी जॉइंट नाहीतर गिअर तुटतो.

गावात टू-व्हील ड्राइव्हवर काहीच जाणवत नाही, म्हणूनच हा समज टिकलाय. गगनबावड्याच्या चिखलात फोर बाय फोर टाकल्यावर मात्र गाडी स्वतःशीच भांडायला लागते.

दोन्ही रेशो सारखेच हवेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुनं डिफरन्शियल घेताना तोंडी सांगण्यावर जाऊ नका. उघडायला लावा, ऑईल पुसा, क्राऊनच्या एका दातावर खडूनं खूण करा आणि स्वतः मोजा.