कार्बन स्टील फोर्जिंग मानकांची निवड (पाइपिंग)

फ्लँज (पाइप बोल्टने जोडणारी कडी), सॉकेट-वेल्ड फिटिंग (पाइप आत खोचून वेल्ड करायचे जोड), लहान व्हॉल्व्हची बॉडी असे घडाईचे (फोर्जिंगचे) भाग कोणत्या मानकानुसार घ्यायचे हे ठरवण्याची पद्धत. तेलशुद्धीकरण, खत व रसायन कारखान्यांत बहुतेक अमेरिकी एएसटीएम मानके चालतात. त्यांतले ए१०५ सर्वांत रुळलेले. ए१०६ ग्रेड बी पाइप आणि ए२३४ डब्ल्यूपीबी फिटिंग असली की फ्लँज ए१०५ चेच येतात.

खरा पेच ए१०५ घ्यायचे की ए३५० एलएफ२, हा असतो. कागदावर दोघांची ताकद सारखी: टेन्साइल (तुटेपर्यंतचा कमाल ताण) किमान ४८५, यील्ड (कायमचे वाकू लागण्याचा ताण) किमान २५० मेगापास्कल. फ्लँजच्या बी१६.५ या मानकात दोन्ही एकाच धातुगटात (गट १.१) असल्याने क्लास १५० या दाब-श्रेणीचा फ्लँज यांपैकी कशाचाही असो, ३८° से. पर्यंत १९.६ बारच पेलतो. दाब बघून निवड करणाऱ्याला म्हणूनच इथे उत्तर मिळत नाही. फरक आहे थंडीतल्या चिवटपणाचा. एलएफ२ क्लास १ ला उणे ४६° से. वर चार्पी चाचणीत (आघाताने तुटताना धातू किती ऊर्जा शोषतो ते मोजणारी) सरासरी किमान २० ज्यूल दाखवावे लागतात. ए१०५ ला ही चाचणी मुळात सक्तीची नाही आणि ते सहसा उणे २९° से. च्या खाली नेत नाहीत. मुंबईत एवढी थंडी कुठून येणार, असे वाटेल. पण प्रोपेन वातावरणाच्या दाबाला उणे ४२° से. वर उकळतो. त्याच्या लाइनचा दाब झटकन उतरला, तर भर मे महिन्यातही स्टील तितके गार पडू शकते.

ए१०५ चे क्लास ३०० पर्यंतचे प्रमाणित फ्लँज उष्णोपचाराविना विकता येतात. घडाईनंतर तसेच थंड केलेल्या स्टीलचे कण जाड राहून ते ठिसूळ निघू शकते, म्हणून जाणकार सरसकट नॉर्मलाइझ केलेला (पुन्हा तापवून हवेत थंड केलेला), ‘ए१०५एन’ असा माल मागतात. थोडा खर्च वाढतो, पण तो वाचवू नये.

कार्बन स्टील ४२५° से. च्या वर दीर्घकाळ वापरल्यास त्यातील कार्बाइडचे ग्राफाइट होण्याचा धोका असतो. तिथे क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनम) मिश्रधातू घेतात. एक्स६० सारख्या जास्त ताकदीच्या लाइनपाइपला ए६९४ या घडाई-मानकाचा एफ६० ग्रेड जुळतो. हायड्रोजन सल्फाइडयुक्त माध्यमात ए१०५ ची कठिणता १८७ ब्रिनेलपेक्षा (कठिणतेचे एकक) जास्त चालत नाही.

भारतात वाफेच्या लाइनसाठी नुसते मानक पुरत नाही. भारतीय बॉयलर नियमावली, १९५० प्रमाणे फॉर्म ३-सी (उत्पादन व चाचणीचे प्रमाणपत्र) लागतो. माल तयार झाल्यावर तो मिळवणे जिकिरीचे जाते, त्यामुळे खरेदी ऑर्डरमध्येच त्याचा उल्लेख करतात.