वस्तरा : दुरुस्ती व निगा

घडीचा वस्तरा म्हणजे एकसंध पोलादी पाते आणि ते आत मिटवणारी दोन पातळ फळ्यांची मूठ. इंग्लंडमधले शेफील्ड आणि जर्मनीतले झोलिंगन ही या धंद्याची दोन नामांकित ठिकाणे; जाड, पाचरीसारखे पाते शेफील्डचे आणि दोन्ही बाजूंनी खोल कोरलेले हलके पाते झोलिंगनचे, असा ढोबळ फरक सांगता येतो. अर्ध्या ब्लेडचे उस्तरे आल्यावर सलूनमधून हे जुने वस्तरे हटले. धोकटीत किंवा घरच्या ट्रंकेत पडून राहिलेला वस्तरा हाती आला की बहुतेकांची नजर धारेवर जाते. पाहावी आधी मूठ.

मूठ कशाची आहे हे कळल्याशिवाय तिला हात लावू नये. शिंगात उभे तंतू दिसतात, हाडावर बारीक काळे ठिपके असतात, हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसतात, आणि सेल्युलॉइड अंगठ्याने जोरात घासले की कापराचा वास येतो. सुई तापवून टोचण्याची परीक्षा सेल्युलॉइडवर करू नये, ते भडकन पेटते. चकाकी आणणाऱ्या बफच्या चाकावरही तीच भीती. सेल्युलॉइड जुने झाले की आतून कुजते आणि त्यातून निघणारी आम्लधर्मी वाफ पाते खाते. पाते जिथे मुठीत टेकते नेमके तिथेच टिपक्याटिपक्यांचा गंज दिसला, तर मूठ बदलण्याखेरीज उपाय नाही. असा वस्तरा बाकीच्यांपासून वेगळा ठेवावा. वाकलेले शिंग मात्र गरम पाण्यात मऊ करून दोन लाकडांत दाबले की सरळ होते.

मुठीला चीर जाते ती बहुधा पाते ज्यावर फिरते त्या खिळ्यापाशी. खिळा काढताना डोके कानशीने घासून सपाट करावे आणि मुठीखाली भोक पाडलेला लाकडी ठोकळा ठेवून तो बारीक पंचाने खाली ढकलावा. नवा खिळा साधारण 1.6 मिमी जाडीच्या पितळी तारेचा. दोन्हीकडे वायसर घालून तार मिलिमीटरभरापेक्षा कमी वर ठेवायची आणि लहान गोल तोंडाच्या हातोडीने उलटसुलट करत टिचक्या मारायच्या. एक घाव जोरात बसला की भोकापासून केसाएवढी चीर धावते. दुसऱ्या टोकाला दोन फळ्यांमध्ये बसवलेली पाचर बहुधा शिशाची असते. तिची जाडी चुकली तर पाते मिटताना मुठीवर घासते.

या कामाचे सामान आणि हात दोन्ही मिरजेत आहेत, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. तिथली सतारी-तंबोरे करणारी घराणी मूळची शिकलगारांची, शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. शस्त्रांची मागणी ओसरल्यावर एकोणिसाव्या शतकात ती वाद्यांकडे वळली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीसाठी हाड व शिंग, नक्षीसाठी सेल्युलॉइड, हे तिथले रोजचे जिन्नस. हस्तिदंत मात्र विसरावा. वन्यजीव संरक्षण कायद्यातील 1991 च्या दुरुस्तीनंतर आयात हस्तिदंताचाही व्यापार बंद आहे, म्हणून फुटलेल्या मुठीच्या जागी हाड किंवा म्हशीचे शिंग बसवतात.

पात्याचे काम त्यामानाने सोपे. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकवायची, कोन आपोआप सांभाळला जातो. 1000 नंबरच्या दगडावर धार बसवून 4000, 8000 अशा अधिकाधिक बारीक दगडांवर चढत जावे. चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे, आणि वस्तरा उलटायचा तो पाठीवर. धारेवर उलटला की पट्टा चिरलाच. ग्राइंडरवर पाते तापले की पोलादाचे पाणी उतरते, म्हणजे त्याचा कडकपणा जातो. चकाकीच्या हौसेपायी पात्याच्या मुठीकडच्या भागावरचा कारखान्याचा ठसा पुसणारेही कमी नाहीत.

ठेवण्याची रीत गावागणिक बदलते. महाबळेश्वर-पाटणकडच्या पावसाळ्यात पाते पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे बोट फिरवावे आणि चामडी म्यानात ठेवू नये, ते ओल धरते. जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात भीती मुठीची असते. हाड-हस्तिदंत सुकून तडकते, म्हणून ते पत्र्याच्या कपाटात किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये आणि भरून येईल या आशेने पाण्यात तर मुळीच बुडवू नये.