नायट्रो की नायट्रिटो? एकाच सूत्राची दोन कोबाल्ट कॉम्प्लेक्स

कॉम्प्लेक्स म्हणजे मधल्या धातूला इतर रेणू-आयन जोडून बनलेलं संयुग. अशा दोन पुडी घ्या: नायट्रो पिवळसर तपकिरी, नायट्रिटो गुलाबीकडे झुकणारी नारिंगी. दोन्हींत कोबाल्ट एक, अमोनिया पाच, नायट्राइट एक आणि बाहेर क्लोराइड दोन. रेणुभार दोन्हींचा सुमारे २६१. क्लोराइडचं प्रमाण काढा, द्रावणाची वाहकता मोजा, आकडे तेच येणार. नायट्रोमध्ये नायट्राइट नायट्रोजनकडून कोबाल्टला जोडलेला असतो, नायट्रिटोमध्ये ऑक्सिजनकडून. एवढाच काय तो फरक. डॅनिश रसायनज्ञ सोफस योर्गेनसेन यांनी १८९० च्या दशकातच ही जोडी वेगळी करून दाखवली होती.

सुरुवातही एकच. क्लोरोपेंटाअमाइन कोबाल्ट क्लोराइड अमोनियाच्या पाण्यात गरम करून विरघळवायचं, गार झाल्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने उदासीन करायचं आणि सोडियम नायट्राइट घालायचं. बर्फात ठेवलं तर नायट्रिटो खाली बसतो. तापवून, मग गार करून संहत आम्ल घातलं तर नायट्रो मिळतो. (हे आम्ल फ्यूम हूडमध्येच घाला, उरलेल्या नायट्राइटमुळे तपकिरी वायू निघतो.)

थंडीत नायट्रिटोच का? द्रावणात कोबाल्टवर क्लोराइडच्या जागी पाणी बसलेलं असतं, आणि नायट्राइट येऊन त्या पाण्याला हुसकावतो, असं सहज वाटतं. पण कोबाल्ट तीनचे (+३ प्रभार असलेल्या कोबाल्टचे) बंध इतक्या चटकन तुटत नाहीत. १९५६ मध्ये मर्मन आणि टाउबे यांनी कोबाल्टवरच्या पाण्यात ऑक्सिजन-१८ (ओळखता येणारा जड ऑक्सिजन) घालून पाहिलं, आणि तोच ऑक्सिजन नायट्रिटोत कोबाल्टला चिकटलेला सापडला. म्हणजे कोबाल्ट-ऑक्सिजन बंध तुटलाच नाही. आधीपासून तिथे असलेल्या ऑक्सिजनवर नायट्रोसो गट (NO) येऊन बसला. नायट्रो जास्त स्थिर खरा, पण नायट्रिटोचा रस्ता सोपा. पुढे नायट्राइट सुटून न जाता जागच्या जागी वळतो आणि नायट्रो होतो. उष्णता ही उलटापालट फक्त लवकर घडवते.

रंगाचं कारणही त्यातच आहे. नायट्रोजनकडून जोडलेला लिगंड (धातूला जोडलेला गट) जास्त ताकदीचा, म्हणून नायट्रोचं शोषण ४६० नॅनोमीटरच्या आसपास, तर नायट्रिटोचं ४९० च्या आसपास. पण नुसत्या रंगावर निकाल देऊ नये. मिश्रणाचा रंगही मधलाच दिसतो.

आयआर (इन्फ्रारेड वर्णपट) घ्या. पुस्तकांत नायट्रोसाठी १४३० आणि १३१५, नायट्रिटोसाठी १४६० आणि १०६५ प्रति सेंटिमीटर असे आकडे असतात. यातला १३१५ माझ्या मते फारसा कामाचा नाही, कारण अमोनियाचं स्वतःचं ठळक पीक (आलेखातलं शिखर) त्याच्या अगदी शेजारी असतं. खरा साक्षीदार १०६५. ते पीक आहे की नाही, हे आधी पाहा.

आणि नायट्रिटोचा आयआर ताज्या नमुन्याचाच घ्या. बाटलीतली कोरडी पूडसुद्धा काही दिवसांत हळूहळू नायट्रो होत जाते. उलट, घन नायट्रोवर अतिनील प्रकाश पडला तर तो नायट्रिटोकडे परततो, त्यामुळे नायट्रोची बाटली खिडकीत ठेवू नये.